मानेवरील काळा पट्टा



'वाढत्या वयातील मुलांची स्थूलता' या विषयावर या शिक्षण परिषदेत मी बोलावे असे ठरले, तेव्हा माझ्या मनात प्रथम जी शंका आली तीच या क्षणी आपल्याही मनात असावी. आपल्या शाळांतील दुपारच्या पंगतीत बसणाऱ्या मुलांकडे पाहिले, तर दप्तराच्या पट्ट्याखाली खांद्याचे हाड दिसते. अशा मुलांच्या गुरुजनांपुढे स्थूलतेवर व्याख्यान देणे म्हणजे टँकरच्या गावात महापुराची दवंडी पिटणे होय. ही शंका मला मान्य आहे. परंतु तिचे उत्तर मी आरंभी देणार नाही. आधी मी आपणांस दूरच्या एका मुलखातील शाळांत नेणार आहे, आणि त्याहीआधी माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगणे मला भाग आहे.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे इयत्ता सातवीचा वर्ग होता. परिपाठानंतर मुलांची नखे, दात, कान आणि मान पाहण्याचा माझा नेम कडक असे आणि त्या कडकपणाचा मला अभिमानही होता. वर्गात एक मुलगी होती. अंगाने भरलेली, अभ्यासात बरी, पण बोलायला बुजरी. तिच्या मानेवर मागच्या बाजूस काळसर, जाड असा पट्टा दिसे. मी तिला दोनदा तंबी दिली आणि तिसऱ्या दिवशी साऱ्या वर्गादेखत मान धुण्यासाठी हापशावर पाठविले. दुसऱ्या दिवशी तिची आई आली. दाराबाहेरच उभी राहून म्हणाली, "गुरुजी, मी रोज घासते हो. दगडानं घासली, सोड्यानं घासली. रगत आलं, पर निघत न्हाई." मी त्या माउलीला स्वच्छतेचे महत्त्व समजावून सांगितले! रक्त येईपर्यंत मुलीची मान घासणाऱ्या आईला मी स्वच्छता शिकवीत होतो. तो मळ नव्हता. असा पट्टा कशाचा असतो हे मला पुष्कळ वर्षांनी, अमेरिकेतील शाळांची हकीकत वाचताना कळले. त्या मुलीच्या बाबतीत त्याचे कारण काय होते हे आता सांगता येणार नाही, कारण तेव्हा कोणी ते तपासलेच नाही.

आता त्या मुलखाकडे वळू. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सास राज्याच्या दक्षिण टोकास रिओ ग्रांदे नदी वाहते. नदीच्या पलीकडे मेक्सिको देश आणि अलीकडे हिदाल्गो, कॅमेरॉन, स्टार असे परगणे. तेथील दहांपैकी नऊ माणसे मूळ मेक्सिकन वंशाची आहेत. अनेकांच्या वाडवडिलांनी फळबागांत आणि भाजीच्या मळ्यांत मजुरी केली. श्रीमंत देशातील अत्यंत गरीब भागांपैकी हा एक भाग. कित्येक वस्त्यांना वर्षानुवर्षे धड रस्ता नव्हता व नळाचे पाणी नव्हते. याच स्टार परगण्यात १९८१ पासून संशोधकांनी घराघरांतील मधुमेहाचा अभ्यास आरंभिला, कारण तेथे हा रोग विलक्षण प्रमाणात आढळत होता. तोवर दुसऱ्या प्रकारचा मधुमेह, म्हणजे ज्यात शरीरात इन्सुलिन असूनही ते नीट काम करीत नाही, तो प्रौढांचाच रोग मानला जाई. पुढे तो १२-१३ वर्षांच्या मुलांत दिसू लागला आणि वैद्यक क्षेत्र चकित झाले.

१९९९ साली टेक्सासच्या विधिमंडळाने सीमेलगतच्या परगण्यांतील शाळांसाठी एक कायदा केला व २००१ मध्ये त्याची व्याप्ती आणखी भागांत वाढविली. शाळेतील परिचारिकेने ठराविक इयत्तांतील मुलांची मान पाहावी. तेथे काळा, जाडसर, मखमलीसारखा लागणारा पट्टा आढळल्यास त्या मुलाची उंची, वजन व रक्तदाब घ्यावा आणि पालकांस पत्र द्यावे, असा तो क्रम होता. एडिनबर्ग येथील विद्यापीठाच्या सीमा आरोग्य कार्यालयाकडे या कामाची सूत्रे होती. हा पट्टा मळ समजून मुलांना रागावणे, साबणाने व घासणीने मान सोलून काढणे, हे त्याही मुलखात घरोघर चालत असे. ते वाचताना मला माझ्या शाळेतला हापसा आठवला.

या लोकांना 'हिस्पॅनिक' म्हणतात. ही एक जात किंवा एक वंश नव्हे. ज्यांच्या पूर्वजांची भाषा स्पॅनिश, त्या साऱ्यांस हे नाव आहे. मग ते मेक्सिकोतून आलेले असोत, प्वेर्तो रिकोचे असोत, क्यूबाचे असोत वा मध्य अमेरिकेचे. कोणाच्या रक्तात तेथील आदिवासींचा अंश अधिक, कोणाच्या स्पॅनिश लोकांचा, कोणाच्या आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा. २०२० च्या जनगणनेत अमेरिकेत असे ६ कोटी २१ लाख लोक मोजले गेले. त्यांच्या मुलांविषयीचा एक आकडा लक्षात ठेवावा. २०१७ ते २०२० या काळातील राष्ट्रीय पाहणीत २ ते १९ वर्षे वयाच्या हिस्पॅनिक मुलांत स्थूलतेचे प्रमाण शेकडा २६.२ आढळले, हिस्पॅनिक नसलेल्या गोऱ्या मुलांत ते १६.६ होते. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात दहा मुले.

आकडा सोडून देऊ आणि शरीरात काय घडते ते पाहू, कारण शिक्षकाला कारण समजले म्हणजे त्याची जीभ आवरते.

आपण खाल्लेल्या अन्नाची साखर होऊन ती रक्तात येते. ती पेशींत जावी यासाठी स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. पोटाच्या पोकळीत व यकृतात मेद साठू लागला की हे इन्सुलिन पेशींवर पूर्वीसारखे चालेनासे होते. मग स्वादुपिंड ते दुप्पट-तिप्पट ओतते. रक्तातील साखर त्यामुळे काही वर्षे ठीक राहते, मूल खेळते-बागडते, कोणास काही संशय येत नाही. परंतु हे जादा इन्सुलिन मानेच्या, काखेच्या त्वचेतील पेशींना वाढीची चिथावणी देते, आणि तेथे तो पट्टा उमटतो. तो बाहेरून लागलेला नसतो, आतून आलेला असतो. तो घासून कसा जाणार? इकडे रक्तातील चरबी वाढते, हितकर कोलेस्टेरॉल घटते, रक्तदाब हळूहळू चढतो. पुढे एके दिवशी स्वादुपिंड दमते, आणि साखर वाढू लागते.

त्यात वयात येण्याचा काळ हा फार नाजूक असतो. त्या दोन-तीन वर्षांत इन्सुलिनचा प्रभाव निरोगी मुलांतही मंदावतो व पुढे पूर्ववत होतो. ज्या मुलाचे स्वादुपिंड आधीच ओझे वाहते आहे, त्याला हा चढ जड जातो. लॉस एंजेलिस येथे मायकेल गोरान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० पासून लॅटिनो मुलांचा दीर्घ अभ्यास केला. वजन जास्त आणि घरात मधुमेहाचा इतिहास अशी ८ ते १३ वर्षांची १५० मुले त्यांनी तपासली व २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील एकाही मुलास मधुमेह झालेला नव्हता, परंतु शेकडा २८ मुलांची साखर पचविण्याची शक्ती आताच उणावलेली होती. आपल्याकडील तिसरी ते आठवीची ही मुले.

आणि रोग जडल्यावर काय होते? २००४ पासून अमेरिकेत १० ते १७ वर्षे वयाच्या ६९९ मधुमेही मुलांना निरनिराळे उपचार देऊन पाहण्यात आले. त्यांत हिस्पॅनिक मुले सुमारे शेकडा ४० होती. प्रौढांना वर्षानुवर्षे पुरणारी मेटफॉर्मिनची गोळी एकटी दिली असता निम्म्या मुलांत ती पुरी पडली नाही. हीच मुले पुढे सरासरी २६ वर्षांची झाली, तेव्हा त्यांच्यापैकी शेकडा ६० जणांस मूत्रपिंड, डोळे किंवा मज्जातंतू यांपैकी कशाची तरी व्याधी जडलेली होती. उच्च रक्तदाब तर तिघांत दोघांना होता. सव्वीस वर्षे! आपल्याकडे या वयात मुलगा नोकरीच्या परीक्षा देत असतो.

आता प्रश्न असा, की हे याच मुलांच्या वाट्यास अधिक का यावे. खादाडपणा आणि आळस, हे उत्तर जिभेच्या टोकावर असते. मी ते नाकारतो. काही अंशी जन्मजात घडण कारणीभूत आहे. डॅलस येथील अभ्यासातून २००८ साली असे आढळले, की यकृतात मेद साठविण्यास अनुकूल असे एक जनुकीय रूप हिस्पॅनिक लोकांत सर्वाधिक असते. तितकाच मेद असलेल्या गोऱ्या मुलाच्या तुलनेत लॅटिनो मुलात इन्सुलिन कमी परिणामकारक ठरते, असेही दिसून आले आहे. परंतु जनुके काही गेल्या चाळीस वर्षांत बदललेली नाहीत. बदलले ते घर आणि रस्ता.

मेक्सिकोची जुनी शिदोरी म्हणजे चुनखडीच्या पाण्यात उकळलेल्या मक्याची भाकरी, घेवड्याची उसळ, भोपळा, मिरची आणि निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी. आपल्या मावळातल्या किंवा खानदेशातल्या म्हाताऱ्या माणसाला ते ताट परके वाटणार नाही. नदी ओलांडून आलेल्या कुटुंबात आई-बाप दोघे दोन-दोन पाळ्या करतात. सांजचे जेवण दुकानातून येते. मैद्याची पोळी, तळलेले मांस व थंड गोड पेय. अशा पेयाच्या ३५५ मिलिलीटरच्या एका डब्यात सुमारे ३९ ग्रॅम साखर असते, म्हणजे नऊ-दहा चमचे. चहाच्या पेल्यात कोणी नऊ चमचे साखर घातली, तर आपण तो पेला परत पाठवू. थंडपणा आणि वायूचे बुडबुडे यांमुळे जीभ फसते. वस्तीत खेळायला मोकळी जागा नाही, संध्याकाळी बाहेर सोडावे तर आईस भीती वाटते. ज्या घरात महिनाअखेरीस पैसा पुरत नाही, तेथे जो पदार्थ स्वस्तात पोट भरील तोच येणार. गरिबी आणि स्थूलता एकाच घरात नांदू शकतात, हे आपल्याला पटणे कठीण जाते, कारण आपल्या मनात लठ्ठ माणूस म्हणजे सावकार असे चित्र बसलेले आहे.

खुद्द मेक्सिकोत सरकारने २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसविला; पहिल्या वर्षी त्यांची खरेदी सुमारे साडेपाच टक्के आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ दहा टक्के घटली. २९ मार्च २०२५ पासून तर शाळांत असे खाद्य व पेय विकण्यास देशभर मनाई झाली.

शाळांनी काय केले आणि त्यातून काय हाती लागले, हा आपल्या कामाचा भाग आहे. म्हणून येथे मी थोडा थांबतो. टेक्सासमधील सॅन अँटोनियो शहरात, बहुतांश मेक्सिकन वंशाच्या गरीब मुलांच्या २७ प्राथमिक शाळांत चौथीच्या वर्गांसाठी 'बिएनेस्तार', म्हणजे 'सुखस्वास्थ्य', या नावाचा उपक्रम झाला. वर्गात आरोग्याचे पाठ, शाळेच्या स्वयंपाकघराशी बोलणी, पालकांच्या मजेच्या सभा आणि शाळा सुटल्यावर खेळ असे त्याचे स्वरूप होते. २००४ साली निकाल प्रसिद्ध झाले. उपक्रमातील मुलांची उपाशीपोटीची साखर उतरली, दमसास वाढला, आहारात चोथा वाढला. परंतु शरीरातील मेदाचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखेच राहिले. पुढे २००६ ते २००९ या काळात ४२ माध्यमिक शाळांत असाच मोठा प्रयोग झाला. त्यातील निम्म्याहून अधिक मुले हिस्पॅनिक होती. वाढत्या वजनाच्या मुलांचे एकूण प्रमाण उपक्रमाच्या शाळांत घटले, तसेच ते इतर शाळांतही घटले. मुख्य कसोटीवर फरक पडला नाही. पण स्थूल मुलांचे प्रमाण, कमरेचा घेर आणि रक्तातील इन्सुलिन यांत उपक्रमाच्या शाळा सरस ठरल्या. लॉस एंजेलिसमध्ये जादा वजनाच्या २२ लॅटिनो मुलग्यांपैकी निम्म्यांना १६ आठवडे, आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा व्यायाम दिला, तेव्हा त्यांच्या शरीरात इन्सुलिनचे काम स्पष्टपणे सुधारले. मुले थोडी होती हे खरे; तरीही वजनकाट्यावर जे दिसत नाही ते रक्तात घडत असते, एवढे यावरून म्हणता येते.

येथे एक तक्रार नोंदवितो. खेळाची तासिका शिष्यवृत्तीच्या सरावासाठी वापरण्याची जी प्रथा आपल्या तालुक्यात रूढ झाली आहे, ती मला ठाऊक आहे. मी भेटीस येतो त्या दिवशी मैदानावर चेंडू दिसतो. त्याची हवा गेलेली असते.

दुसरा एक प्रयोग उलट अंगाने बोलका आहे. मुलांचे शाळेत वजन घ्यावयाचे आणि त्याचा निर्देशांक पत्राने पालकांस कळवावयाचा, अशी पद्धत अमेरिकेत बऱ्याच राज्यांत सुरू झाली. कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांतील निम्म्याहून अधिक मुले लॅटिनो आहेत. तेथील ७९ शाळांतील २८ हजारांवर मुलांवर या पद्धतीची रीतसर परीक्षा झाली व २०२१ साली तिचा निष्कर्ष आला. पत्रे पाठविल्याने मुलांच्या वजनात काहीही सुधारणा झाली नाही. उलट ज्या शाळांत वजने घेतली गेली, तेथे मुलांची स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी अधिक वाढली. टेक्सासमधील मानतपासणीलाही हेच पथ्य लागू आहे. पत्र घरी पोचते, पण अमेरिकेत आरोग्यविम्यावाचून राहणाऱ्यांचे प्रमाण टेक्सासमध्येच सर्वांत अधिक. डॉक्टरकडे जावयाचे कसे, हे त्या पत्रात नसते. मग उरते ते मुलाच्या नावापुढे लागलेले एक बोट.

आता आपल्या शंकेकडे येतो. आमची मुले हडकुळी, आम्हांस याचे काय? याचे उत्तर टेक्सासात नाही, ते पुण्याजवळ आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील मातांचा व बालकांचा अभ्यास केला. त्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील बाळांचे ३.५ किलो. आपले बाळ उंचीने, स्नायूंनी, पोटाच्या घेराने लहान. परंतु पाठीवरील कातडीखालचा मेद मात्र त्या मानाने पुष्कळ राखलेला. हाडकुळे दिसणारे, पण आतून मेदाळ! पुढे २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचीच मोजणी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छायाचित्रासह दिली. वजन व उंचीवरून काढलेला निर्देशांक दोघांचाही नेमका २२.३. अंगातील मेद मात्र युडकिन यांचा शेकडा ९.१ आणि याज्ञिकांचा शेकडा २१.२.

अर्भकपणी उपासमार सोसलेले शरीर पुढे स्वस्त मैदा, तेल आणि साखर यांच्या तोंडी पडले, की टेक्सासच्या त्या मुलांना जे भोगावे लागले ते आपल्या मुलांना, फारसा लठ्ठपणा न दिसताही, भोगावे लागू शकते. शाळेच्या फाटकासमोरील टपरीवर पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा टांगलेला असतो आणि ज्यांच्या घरी दुधाचा थेंब नाही अशी मुले तो घेतात, हे आपण रोज पाहतो. यावरून कोणी असा अर्थ मात्र काढू नये, की हडकुळ्या मुलाचे अन्न कमी करावे. त्याला शालेय पोषण आहारातील वरण, उसळ, भाजी पोटभर मिळालीच पाहिजे. वाढीला लागलेल्या कोणत्याही मुलास उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे; स्थूल मुलासही नाही.

मग आपण करावे काय? फार थोडे, पण नेमके. मानेवर, काखेत किंवा बोटांच्या सांध्यांवर काळा, जाड, न धुतला जाणारा पट्टा दिसला, तर वर्गात एक अक्षर बोलू नये. तो संसर्गजन्य नसतो. तो म्हणजे मधुमेह असेही नव्हे. त्याला इतरही कारणे असू शकतात, आणि निदान करणे हे आपले काम नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, तेव्हा त्या मुलाचे नाव चिठ्ठीवर लिहून वैद्यकीय अधिकाऱ्याच्या हाती द्यावे. पथक यावयास अवकाश असेल, तर आईस एकटीला गाठून प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर व रक्तदाब तपासून घेण्यास सांगावे, आणि घरात कोणाला मधुमेह आहे का ते विचारावे. हे मळाचे नाही, घासू नका, हे तिला आधी सांगावे. वजनाची नोंद करावयाची असेल तेव्हा काटा पडद्याआड ठेवावा व आकडा मोठ्याने वाचू नये. 'जाड्या', 'ढोल', 'भोपळ्या' हे शब्द मुलांच्या तोंडून तर काढावेतच, पण आधी शिक्षकांच्या खोलीतून काढावेत. हे मी अनुभवाने सांगतो.

शेवटी एक सुतळीचा प्रयोग. वजनकाट्यापेक्षा कमरेचा घेर पुष्कळदा अधिक खरे बोलतो. डोक्यापासून पायापर्यंत आपल्या उंचीएवढी सुतळी कापावी, ती दुमडून निम्मी करावी आणि बेंबीच्या पातळीवर कमरेभोवती धरावी. टोकाला टोक मिळाले तर ठीक. हा प्रयोग मुलांवर चारचौघांत करावयाचा नाही. आधी आपण करावयाचा. सुतळीचा गुंडा व कात्री मी टेबलावर ठेवली आहे. मी स्वतः तो काल रात्री घरी करून पाहिला. माझी सुतळी चार बोटे कमी पडली.